मनोरच्या नाक्यावर रस्ता सांगणारा

चिंतूदादाचं पंक्चरचं दुकान आणि माझी चहाची टपरी यांच्यामध्ये एकच बांबू होता. तो कोणाचा, यावरून आम्ही दर पावसाळ्याआधी भांडायचो. त्याची ताडपत्री त्याच बांबूला बांधलेली, माझीही त्यालाच. मी म्हणायची माझा, तो म्हणायचा त्याचा, आणि वारा सुटला की दोघंही धावत जाऊन तोच धरायचो. आता ते दुकान नाही. तिथे एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. बांबू माझ्या वाट्याला आला आहे, आणि मला तो मुळीच नको होता.

आमचा मनोरचा नाका म्हणजे चारी बाजूंच्या गाड्यांचा गुंता. पश्चिमेकडून पालघर आणि बोईसरच्या गाड्या येतात, पूर्वेला वाडा गाव, आणि मधून मुंबई-अहमदाबाद हायवे. ठाण्याला जायचं तर दोन वाटा आहेत. एक हायवेने सरळ खाली घोडबंदरवरून, दुसरी वाड्यावरून भिवंडीला. घोडबंदरला अडकलात तर दिवस गेला, वाड्याच्या रस्त्याला अडकलात तर दिवसाबरोबर कंबरही गेली. त्यामुळे नाक्यावर आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, की आज कोणीकडून? आणि तो प्रश्न विचारायचा चिंतूदादाला.

दिसायला हा माणूस काहीच नव्हता. काटकुळा, गुडघे कायम काळे, बोटांना पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनचा वास. जेवताना तरी हात धू म्हटलं तर म्हणायचा, "दीपाबाय, हा वास गेला तर माजी बायको मला घरात घेयाची नाय." मनोरपासून आत डोंगराकडे त्याचा पाडा. तरुणपणी नाक्यावर दुसऱ्याच्या दुकानात टायर उचलायला आला आणि तिथेच मुरला.

त्याच्याकडे हवा फुकट होती, पण अट होती. ज्या दिशेने आलात तिकडची खबर द्यायची. पाइप हातात घेऊन तो चाकाशी उकिडवा बसायचा आणि वर न बघता विचारायचा, कुठून आलास? शेवटचा कुठं थांबलास? समोरून गाड्या येत होत्या का? उत्तर मिळेपर्यंत पाइप काही चाकाला लागायचा नाही. एखादा नवखा चिडायचा, "हवा भरतोस की पोलीस आहेस?" चिंतूदादा शांतपणे पाइप खाली ठेवायचा. मग तो नवखा गुमान सांगायचा. ती खबर पुढच्या उलट्या बाजूच्या गाडीला मिळायची, तिची याला. असं दिवसभर.

ऐकलेलं सगळं तो खरं मानायचा असंही नाही. चिंचणीचे मासळीचे टेम्पोवाले कायम घाईत, बर्फ वितळायची भीती पोटात, त्यामुळे चार गाड्या उभ्या दिसल्या तरी त्यांना जाम वाटायचा. त्यांचं तो निम्मं धरायचा. बोईसरच्या केमिकलचे टँकरवाले अगदी उलटे. "थोडा धीमा है चाचा, चलेगा," म्हणायचे, आणि त्यांच्या त्या थोड्यात माणसाची एक झोप काढून व्हायची. एसटीवाले खरं सांगायचे, पण आधी वरच्या साहेबांना शिव्या घालून मग. हे सगळं चाळून चिंतूदादाने काय ते ठरवलं की तो दुकानासमोरच्या खांबावर जुना टायर लटकवायचा. टायर घोडबंदरच्या बाजूच्या खिळ्याला असला तर ती वाट बंद, वाड्याच्या बाजूला असला तर ती बंद. पालघरकडून येणारे लांबूनच बघून वळायचे.

आणि खबर जुनी झाली असं वाटलं, की तो म्हणायचा, "थांब जरा. एक गाडी येऊंदे." मग तो ड्रायव्हर माझ्याकडे येऊन चहा घ्यायचा. माझा अर्धा धंदा त्याच्या त्या 'थांब जरा'वर चालायचा, हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

सुका त्याच्याच पाड्यावरचा. दोघं एकत्र गुरं राखलेले. त्याची एक जुनी जीप होती. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं, त्यांची पोती, कोंबड्या, आजारी म्हातारे, सगळं तो पालघरला न्यायचा आणि आणायचा. शेजारच्या सीटवर त्याची बायको रखमा, पायाशी टोपली. कधी करवंदं, कधी कंद, कधी विणलेली सुपं. रखमा अंगाने बारीक आणि आवाजाने मोठी. सुका कधी घाईत नाका ओलांडायला लागला की ती हँडलवरच हात ठेवायची. "चिंतूभावाला इचारल्याबिगर पुडं न्यायची नाय." पालघरच्या रस्त्याला विचारण्यासारखं असतं काय? खिंडीचा एक घाट, एक रस्ता. पण तिला विचारायचंच असायचं. मी म्हणायची, रखमा, तुझा हा भाऊ उद्या विहिरीत जा म्हणाला तर जाशील. ती म्हणायची, "तो नाय बोलायचा तसा."

मग फोन आले.

फोन आधीही होते, पण मी म्हणते ते रस्ता दाखवणारे. आधी मोठ्या गाड्यांत दिसले, काचेला चिकटवलेले, मग टेम्पोत, मग रिक्षावालासुद्धा मांडीवर ठेवून बघायला लागला. त्यातली बाई हिंदीत बोलायची, आगे से बाएँ मुड़िए. मी चिंतूदादाला चिडवायची, की बघ, तुझ्या गादीवर बाई येऊन बसली. तो म्हणायचा, "बसूंदे. पंक्चर काडते काय ती?" आम्ही हसायचो. तेव्हा अजून हसू येत होतं.

त्याचा मुलगा धीरज बोईसरला कंपनीत आहे, सालवडला खोली घेऊन राहतो. एका सुट्टीला तो आला आणि त्याने बापाला नीट समजावलं, की हा नकाशा काही वरून कोणी बघून सांगत नाही. प्रत्येक गाडीतला फोन गुपचूप कळवत असतो, मी आता कुठे आहे, किती जोरात चाललोय. सगळ्या गाड्यांची ती खबर एकत्र होते आणि सगळ्या गाड्यांना परत मिळते. गाड्या रांगायला लागल्या की रस्ता लाल.

चिंतूदादाने लक्ष देऊन ऐकलं. म्हणाला, "मंग मी काय येगळं करतो? ती चाय पीत नाय येवडाच."

धीरजने त्याला आपला जुना फोन दिला. दोन-चार दिवस तो हातात घेऊन बसला. लाल रेघ दिसली की विचारायचा, "पण बोलला कोण? कंच्या गाडीवाला?" कोणीच नाही बोललं, सगळ्यांचं मिळून आहे, असं सांगितलं की तोंड वाकडं करायचा. चिंचणीवाला बोलला असेल तर निम्मं धरायचं, टँकरवाला असेल तर दुप्पट. आता बोलणाऱ्याला तोंडच नाही, तर धरायचं किती? तो फोन मग हत्यारांच्या पेटीत गेला आणि पान्यांखाली दबून राहिला. मला त्याचं हे पटलं नव्हतं आणि मी तसं बोललेही. हट्टी माणूस. ऐकतो कशाला.

खरं नुकसान पंक्चरचं झालं नाही. खिळे रस्त्यावर होते तेवढेच राहिले. नुकसान झालं ते खबरीचं. गाडी थांबायची, चाक उतरायचं, आणि त्याने विचारलं की ड्रायव्हर स्क्रीन त्याच्या नाकापुढे धरायचा, "मॅप में सब दिखता है, चाचा." म्हणजे सांगायचं काही नाही आणि ऐकायचंही काही नाही. हवा भरायला लोक पेट्रोल पंपावर जायला लागले, तिथे कोणी प्रश्न विचारत नाही. एसटीचा एखादा जुना ड्रायव्हर तेवढा खिडकीतून ओरडून जायचा. चिंतूदादा त्या एकाच खबरीवर दिवस काढायचा. सकाळची खबर दुपारपर्यंत पुरवायची, म्हणजे सकाळची भाकरी रात्री खाण्यासारखं. टायर एकाच खिळ्याला तसाच लटकत राहायचा. त्याकडे कोणी बघतही नव्हतं, म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही. मला वाईट वाटायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. त्याचा नाही, सगळ्यांचाच. ज्यांना याने ऊन-पावसात रस्ते सांगितले, ते काच खाली करायलाही तयार नव्हते.

फक्त सुकाची जीप थांबत होती. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन, आणि शेजारी रखमा. नाक्यावर चिंतूदादाला रस्ता विचारणारी ती दोनच माणसं उरली.

तो दिवस उन्हाळ्यातला. दुपारची वेळ, माझ्या टपरीवर गिऱ्हाईक नाही. सुकाची जीप पालघरकडून नाही, मनोरच्या दवाखान्याच्या बाजूने आली आणि हॉर्न वाजवतच उभी राहिली. मागच्या सीटवर रखमा आडवी, उशाशी तिची जाऊ. रखमाला श्वास घेता येत नव्हता. ओठ काळेनिळे पडलेले. दवाखान्यातल्या डॉक्टरणीने तपासून सांगितलं होतं की हृदयाचं आहे, इथे होणार नाही, ठाण्याला न्या, वेळ लावू नका. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, परत यायला वेळ होता. सुकाने ऑक्सिजनची लहान टाकी मागून घेतली आणि स्वतःच निघाला.

"चिंतू, कोणीकडून?" उतरतानाच सुकाने विचारलं.

चिंतूदादा उठून उभा राहिला. टायर सकाळपासून घोडबंदरच्या खिळ्याला होता, कारण सकाळी एसटीवाला ओरडून गेला होता, घोडबंदरला सगळं ठप्प. त्याच्या सगळ्या वर्षांच्या हिशेबात घोडबंदर बंद म्हणजे वाडा मोकळा. कारण पूर्वी ही गोष्ट फक्त त्याच्याकडे थांबणाऱ्यांना कळायची. थोड्या गाड्या वाड्याला वळायच्या, बाकीच्या हायवेवर उन्हात तापत बसायच्या. आता ती गोष्ट सगळ्यांना एकाच वेळी कळते, आणि सगळे एकाच वेळी वळतात. हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की नाही, मला माहीत नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "एक गाडी येऊंदे."

आणि वाड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर तो पळत गेला. एक पांढरी गाडी आली. याने दोन्ही हात वर केले. तिने हॉर्न दिला आणि बाजूने निघून गेली. दुसरी आली, तिच्यातल्या माणसाने हातानेच नको नको केलं, पुढे हो, असं. त्याला वाटलं असेल हा काहीतरी मागतोय. तिसरीच्या काचेवर याने थाप मारली. आतली बाई घाबरली, नवऱ्याने गाडी पळवली. त्या प्रत्येक गाडीत काचेला फोन चिकटवलेला होता. त्या प्रत्येक गाडीने वाड्याच्या रस्त्याची खबर जगाला कळवली होती. समोर हात पसरून उभ्या असलेल्या या एका माणसाला तेवढी सांगायची राहिली.

मी माझ्या फोनवर बघितलं आणि ओरडले, "सुकादादा, वाड्याला लाल आहे! घोडबंदरला पण आहे, पण कमी दाखवतंय. हायवेने जा!" माझा आवाज नाक्याच्या पलीकडे ऐकू जातो. मी दोनदा सांगितलं. सुकाने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग रस्त्यावर उभ्या चिंतूदादाकडे.

"चिंतू, तू बोल."

चिंतूदादा धापा टाकत परत आला. शर्ट भिजलेला. जीपमध्ये वाकून त्याने रखमाकडे बघितलं, आणि सरळ होऊन म्हणाला, "वाड्यावरून घे. मोकळा हाय."

सुकाने मागे वळून जीपमध्ये डोकं घातलं, रखमाशी काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मग स्टिअरिंगवर बसला आणि वाड्याकडे वळला. मी कपाळावर हात मारला. चिंतूदादा माझ्याकडे न बघता आपल्या टायरांमध्ये जाऊन बसला.

वाड्याच्या अलीकडे पुलाजवळ एक ट्रेलर आडवा झाला होता. त्याच्यामागे घोडबंदर टाळून वळलेल्या सगळ्या गाड्या साचल्या होत्या. जीप मध्ये सापडली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. सुकाने खूप हॉर्न वाजवला म्हणे. उतरून पुढच्या गाड्यांच्या काचा वाजवल्या, हात जोडले. लोकांनी सरकायचा प्रयत्नही केला, पण सरकणार कुठे? ऑक्सिजनची टाकी संपली. रखमा तिथेच गेली. घोडबंदर दुपारीच सुटलं होतं, हे संध्याकाळी माझ्याकडे चहाला थांबलेल्या एका टेम्पोवाल्याने सांगितलं. मी त्याला म्हटलं, हळू बोल. पण बांबूपलीकडे सगळं ऐकू जातं.

त्यानंतर चिंतूदादाने दुकान उघडलं नाही. पाइप गुंडाळलेला, टायर खांबावरच. धीरज आला आणि त्याला सालवडला घेऊन जायचं ठरलं. आता तो तिथेच असतो. धीरज सांगतो, खोलीच्या दारातून बोईसरचा रस्ता दिसतो, तर बाबा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतात. मी एकदा भेटायला गेले होते. बांबूवरून भांडण काढून बघितलं. म्हणाला, "तुजाच हाय तो." त्यापेक्षा त्याने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पण सालवडला जायच्या आधी, रखमाचे दिवस झाल्यावर, त्याने मला पाड्यावर बरोबर चल म्हणून सांगितलं. एकट्याने जायची छाती होत नव्हती त्याची. आम्ही चालत गेलो. जीप अंगणात उभी होती, टपावर पानं साचलेली. सुका ओट्यावर बांबूच्या कांबी सोलत होता. आम्हाला बघून उठला, पाणी आणून दिलं. मीच बोलायला लागले ते काहीतरी पाण्याचं, उन्हाचं. चिंतूदादाने मला हाताने थांबवलं.

"सुका," तो म्हणाला, "मला नव्हतं माहीत. त्या दिसी. वाडा मोकळा हाय का बंद हाय, मला कायच माहीत नव्हतं. मी तसाच बोललो."

सुका कांब सोलत राहिला. मला वाटलं आता हा कोयता टाकेल, ओरडेल, अंगावर धावून येईल. चिंतूदादालाही तेच हवं होतं, त्याने मान खाली घातली होती.

"मला दिसत होतं ना," सुका म्हणाला. "तू गाड्यांच्या मागं पळत होतास. एक पण उभी नाय रायली. तुला कुठून माहीत असणार?"

"मंग?" चिंतूदादाने मान वर केली. "मंग का गेलास? दीपाबाय वरडत होती. तिच्या फोनमदी सगळा दिसत होता."

"जाणार होतो ना. दीपाबाय बोलली तसाच हायवेला घालणार होतो." सुकाने कांब बाजूला ठेवली. "पन रखमाने इचारला. श्वास नाय पुरत तिला, तरी इचारला, चिंतूभाऊ काय बोलतं? मी बोललो, वाड्यावरून घे बोलतं. तवा तिने माझा हात सोडला. किती घट धरला होता, सोडला. डोळे मिटले. बोलली, मंग पोचू."